मागून येणारी

व्हर्लीनबाई चवळीच्या शेंगा सोलत होत्या, पण टरफलं टोपलीत आणि दाणे जमिनीवर पडत होते. अकरा वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कुलगुरू राहून त्या आता निवृत्त होत होत्या, आणि विश्वस्त आज त्यांच्या जागी माणूस निवडत होते.

"अगं, सुटलीस ना तू? मग जीव कशाला टांगणीला?" पोर्चवरच्या झुलत्या खुर्चीतून थोरली बहीण ओझेला म्हणाली.

"ताई, माझं एक पाऊल जरी कुठे वाकडं पडलं असेल, तर म्हणतील, काळ्या बाईला खुर्ची दिली की हे असंच व्हायचं. मग यादीतली ती सेल्मा गावच्या पोस्टमनची काळी लेक कितीही हुशार असो, तिला दार बंद."

"तुझं पाऊल वाकडं? तू तर झोपेतही कोट घालायचीस!"

फोन वाजला. व्हर्लीनबाईंनी निरोप ऐकून फोन ठेवला. त्यांचे डोळे भरून आले.

"कुणाला निवडलं गं?"

"पोस्टमनची लेक."

"अगं बाई! अकरा वर्षं पेपरवाले तुला पहिली काळी कुलगुरू म्हणून मिरवत होते. आता दुसरी आली!"

"तेव्हा मी नुसती एकटी होते, ताई," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "पहिली आज झाले."