पाठीवरचं लोशन

सुनेच्या पाठीचा रंग बदलला होता. ब्लाउजच्या गळ्याखाली, जिथे आपलाच हात पुरत नाही तिथेसुद्धा संजना करपल्यासारखी दिसत होती. तानुबाईंच्या हातातली जपमाळ थांबली.

टॉवेलांच्या घडीमागे एक बाटली त्यांना परवाच सापडली होती. खोबऱ्याचा वास, वर उन्हात पडलेल्या बाईचं चित्र. ती पदराखाली धरून त्या शेजारच्या मरिसाकडे गेल्या. मरिसा वसईची, इथे अबुधाबीत हॉटेलच्या स्विमिंग पूलवर कामाला.

"आंटी, हे काळं व्हायचं लोशन."

"काळं व्हायला? पैसे देऊन?"

"नव्वद दिरहम. आपले दोन हजार रुपयांच्या वर गेले बघा."

"आणि गुण येतो?"

"गोऱ्या कातडीला? नुसतं लावून काय होणार नाय. तासन्‌तास उन्हात पडायला लागतं. आधी लाल होतात, मग सालं निघतात, परत गोऱ्याच्या गोऱ्या." मरिसा हसली. "आणि पाठीला लावायला कोणतरी लागतं."

ते शेवटचं वाक्य ऐकून तानुबाईंनी बाटली पुन्हा पदराखाली घेतली.

संजनाला त्यांनीच पसंत केलं होतं. मुलगा मिथुन सावळा, म्हणून हट्टाने गोरी सून शोधली, गावभर मिरवली. आता दर शनिवारी ती लेकीला, अस्मीला, चित्रकलेच्या क्लासला नेते म्हणून निघायची आणि तीन तासांनी तोंड लाल करून यायची. पोरीला क्लासात सोडून ही जाते कुठे? आठवडाभर राबून मिथुन बिचारा शनिवारी दुपारपर्यंत झोपायचा, त्याला काय कळणार! विचारलं तर मुलाचा संसार मोडेल. न विचारलं तरी मोडतोच आहे.

शनिवार उजाडला. तानुबाईंचा उपास होता. त्यांनी मारुतीपुढे दिवा लावला, नातीला रोजच्यासारखं डाळीचं पीठ आणि साय चोळून अंघोळ घातली आणि तिला आईच्या हाती दिलं.

"उन्हातून नेऊ नकोस," एवढंच म्हणाल्या.

"नाही हो, आई."

दुपारी मायलेकी परतल्या. अस्मीच्या चपलेतून दारातच वाळू सांडली. मिथुन नुकताच उठून चहा घेत होता. तानुबाईंनी बाटली टीपॉयवर ठेवली.

"हे काय आहे?"

संजना खाली वाकून सांडलेली वाळू गोळा करू लागली.

"क्रीम असेल गं तिचं," मिथुन म्हणाला. "खलास, सोड ना आई."

"थांब रे." तानुबाईंचा आवाज कधी चढत नसे, तो आताही चढला नाही. "संजना, मला एकच सांग. तुझ्या पाठीला हे कोण लावतं?"

मिथुनने कप खाली ठेवला.

"संजना?"

तिने मान वर केली नाही. तानुबाईंनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आपण बोललो ते चुकलं का बरोबर, त्यांनाच कळेना.

"आय डू," अस्मी म्हणाली. "बीचवर. बट इट डझन्ट वर्क, आजी. मम्मा परत गोरी होते."

"पण कशाला गं बाळा?"

"तू मला पीठ लावताना रोज म्हणतेस ना, पोर आईवर गेली नाही म्हणून? मम्मा म्हणाली, मग मीच तुझ्यावर जाते."