दहाचा दगड

सरकारी रस्त्याच्या फेरमोजणीत नव्या इंजिनिअरला कळलं, की दहा किलोमीटरचा दगड चक्क तेराव्या किलोमीटरवर, निवृत्त मुकादमाच्या दारात उभा आहे. त्याने मुकादमालाच गाठलं.

"काका, तीन किलोमीटर गेले कुठे?"

"साहेब, रस्ता सुरू होतो तिथे माझी सासुरवाडी. सासरे महाहट्टी. म्हणाले, मुलगी दहा किलोमीटरच्या पलीकडे देणार नाही. दगड बसवायचं काम माझ्याकडेच होतं. प्रत्येक दगड थोडा थोडा पुढे सरकवला."

"म्हणजे बिचाऱ्या काकूही फसल्या?"

मुकादम मिशीत हसले. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी कसली फसतेय! दगडांवरचे आकडे कुणी रंगवले, तेही सांगा की साहेबांना!"