सोळाचे चाळीस

"सोळाचे चाळीस कोणी केले?" मृण्मयीने मुलींच्या वसतिगृहाच्या कॉम्प्युटरवर केलेल्या आग-चाचणीचा रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर आपटला.

"मीच. तुझ्या बारीक चौकोनांच्या जाळीने इमारत मोजायला कॉम्प्युटरला दोन दिवस लागले असते. माझं तासात झालं. कॉम्प्युटर सांगतोय, धूर खिडक्यांतून बाहेर जातो. इमारत पास!"

"सर, जाळीचा मूळ चौकोन सोळा सेंटिमीटरचा घेतला, तर कॉम्प्युटर तो तीनदा निम्मा करून दोनपर्यंत आणतो. तुमचा चाळीसचा पाचवरच थांबतो. मुली बाहेर बघतात म्हणून रेक्टरबाईंनी खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या दोनच सेंटिमीटर जाडीच्या आहेत. कॉम्प्युटरला त्या दिसल्याच नाहीत!"

"अगं, पण धूर जातोय ना?"

"जातोय ना, फळ्यांतून आरपार!" तिने पेन त्यांच्यापुढे धरलं. "आता मुलींनी आरपार कसं जायचं, ते खाली लिहा. मग सही करा."