अपूर्णांकांचा धडा

सोलापूरच्या अक्षता मॅडम शाळांसाठीच्या मोफत पोर्टलवर गणिताचे व्हिडिओ टाकायच्या. शूटिंग घरातच चालायचं, म्हणून त्यांची आई गौरम्मा तेवढा वेळ भाकरीसुद्धा थापायची नाही. अपूर्णांकांच्या धड्यात मात्र तिनं न राहवून हाक मारलीच, "अक्षता, जेवायला ये की गं!"

"आले, अव्वा!" मॅडम चिडून ओरडल्या.

धडा घाईत तसाच अपलोड झाला. मधलं बोलणं काढून टाका, असं मॅडमनी पोर्टलला कळवलं.

पुढच्या वर्षी त्यांच्या मोबाईलवर पोर्टलच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, ते मधलं बोलणं आज काढतोय."

फोन गौरम्मानं उचलला होता.

 

"नको, साहेब. पोरगी गेल्यापासनं तेवढ्या धड्यातच माझ्या हाकेला ओ देती."