मागे किती?

"गळ्यातले ते टोचे काढ आधी! म्हणे बर्फ फुटला तर रोवून वर येईन. अरे भित्र्या, हातभर जाड बर्फ आहे तळ्यावर!" थोरला फर्नांड हसला आणि त्याने आपली सगळ्यात अवजड स्नोमोबाइल धाकट्या ल्युसिएनच्या हवाली केली. बहीण ओडेट खाली बघून हातमोजे चढवू लागली.

तळ्यापलीकडची वडिलांची केबिन विकायला एकट्या ल्युसिएनचा नकार होता. तरी दादाने तिकडे जायला आपणहून बोलावलं, स्वतःची गाडी दिली, याचंच त्याला अप्रूप वाटत होतं. त्याने टोचे मुकाट्याने घरीच ठेवले.

पुढे फर्नांड, मध्ये ओडेट, शेवटी ल्युसिएन. समोरून कोणी आलं की आपल्या मागे जितके असतील तितकी बोटं वर करायची, आणि शेवटच्याने मूठ दाखवायची, हा या वाटांवरचा रिवाज. सकाळपासून तसंच चाललं होतं. फर्नांडची दोन बोटं, ओडेटचं एक, ल्युसिएनची मूठ.

तळं जवळ आलं तेव्हा जड गाडीमुळे ल्युसिएन बराच मागे, चढावरच्या झाडीत राहिला होता. झाडांमधून दूरवर खाली, समोरून वाट सपाट करणारं यंत्र येताना दिसलं. फर्नांडने एकच बोट वर केलं. ल्युसिएनला हसूच आलं. दादाला मोजताही येईना! जेवताना चिडवायला बरं.

मग ओडेटने हात वर केला. मूठ होती.

दोघंच आहेत असं समजून यंत्रवाल्याने मान डोलावली आणि ल्युसिएन नजरेस पडायच्या आतच तो डावीकडच्या फाट्याला वळून गेला.