उचकीसकट हसू

शेजारच्या बारशाला कुणीतरी बोलकी बाहुली आणली होती. यजमानीणबाईंनी तिच्या पोटाला गुदगुल्या केल्या, तशी ती खळखळून हसली आणि शेवटी तिला उचकी लागली.

मृणालिनीच्या हातातली घुगऱ्यांची वाटी निसटली. गेल्या वर्षी तापाने गेलेली तिची लेक रेवा अशीच हसायची, उचकीसकट.

"श्रीरंग, तिचे व्हिडिओ क्लाउडवर सुरक्षित आहेत म्हणाला होतास ना?"

नवऱ्याने मान खाली घातली. "आहेत की. जागा फुकट मिळत होती. त्या बदल्यात आवाज वापरायची परवानगी तेवढी मागितली त्या कंपनीने."

"आणि तू दिलीस? मला न विचारता?"

तेवढ्यात पाळण्यात बाळाशेजारी ठेवलेल्या बाहुलीने हाक मारली, "आई, ए आई!"

सगळे कौतुकाने हसले. मृणालिनीने मात्र ओ दिली.