उजवी मूठ

मुलीने बापाचा डावा, धडधाकट हात जाड पिशवीसारख्या मोज्यात घातला आणि मनगटाशी नाडीची पक्की गाठ मारली. "दोन तास, बाबा. लबाडी चालणार नाही. ठोकळे उजव्यानेच उचलायचे." एवढं बजावून ती कपडे धुवायला बाथरूममध्ये गेली. नळाची धार सुरू झाली.

अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले होते. बाप रंगारी; त्याचा उजवा हात आता ठोकळा धरायचा, पण सोडायचा नाही. मूठ वळली की वळली. "धरणं आधी येतं, काका, सोडणं मागाहून," व्यायाम शिकवणारी बाई म्हणायची. "मनगट खाली सोडा, बोटं आपोआप सैलावतील. घाई केलीत तर मूठ आणखी आवळेल."

पाचव्या ठोकळ्यालाच तो घामाघूम झाला. तेवढ्यात तीन वर्षांच्या नातीने वाडग्यातला एक ठोकळा पळवला आणि खिडकीबाहेर भिरकावला. "आजोबा, उडाला!" म्हणत, तो कुठे पडला ते बघायला ती स्टुलावर चढली.

खिडकीची जाळी दुरुस्तीला गेली होती.

रंगाऱ्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडलो तर दचकेल. चौथा मजला. चार मजले म्हणजे किती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. उभा जन्म परांचीवर उभं राहून भिंती रंगवण्यात गेला होता. खालची फरशी त्याला न बघताच दिसली.

पाय ओढत तो खिडकीपाशी पोचला. नात कठड्यावर पोटाने ओणवी झाली होती, पाय स्टुलावरून सुटले होते. त्याने डावा हात टाकला. मोजा फ्रॉकवरून सुळकन घसरला, पोरीला उलट धक्काच बसला. ती वीतभर आणखी पुढे सरकली.

उरला उजवा. भीतीने त्याची मूठ दगड झाली होती.

"उघड," तो हाताला म्हणाला. "उघड की रे मेल्या!" मूठ आणखीच आवळली.

जन्मात कधी नव्हती एवढी घाई होती, आणि घाई करायची नव्हती. त्याने श्वास सोडला. मनगट खाली सोडलं. बोटांत जराशी फट पडली. ती फट त्याने फ्रॉकच्या पट्ट्यावर सरकवली. मूठ वळली.

मग सगळं अंग टाकून तो मागे कोसळला. पट्ट्याची शिवण टरकन उसवली, पण पोर त्याच्या छातीवर येऊन आदळली आणि तिने भोकाड पसरलं.

मुलगी साबणाच्या हातांनी धावत आली. "बाबा, पडलात?"

त्याची नजर जिथे होती तिथे तिने पाहिलं. स्टूल. उघडी खिडकी. ती पोरीला उचलायला गेली, तर पोर येईना. फ्रॉक मुठीत होता. ती बापाची करंगळी उलगडू लागली.

"आजोबा, सोडा ना," नात हुंदके देत म्हणाली.

"थांब," रंगारी मुलीला म्हणाला. "आधी खिडकी लाव."